आपला माळ पडीक नाही

पोस्ट लांब आहे. आत्ता वेळ नसेल तर सेव्ह करून ठेवा, पण १५ ऑगस्टच्या ग्रामसभेआधी वाचा. विषय आपल्या गायरानाचा आहे.

गेल्या आठवड्यात गावाच्या ग्रुपवर एक फोटो फिरला. माळावर जेसीबी उभा, शेजारी खड्ड्यांच्या सरळ रांगा आणि वर लिहिलेलं, "उजाड माळ होणार हिरवागार! समस्त ग्रामस्थांचे अभिनंदन!" खाली अंगठे आणि जोडलेले हात. एका कंपनीचा सीएसआर निधी, पंचायतीची जागा आणि रोपं लावायला शाळेची पोरं. मी तिथे फक्त "कशाला?" एवढंच लिहिलं. रात्री अकरापर्यंत मी झाडांचा शत्रू झालो, विकासविरोधी झालो आणि "पुण्यात राहून जास्त शहाणा झालेला" पण झालो. ग्रुपवर वाद वाढवण्यात अर्थ नाही, तिथे आजोबांच्या दशक्रियेच्या निरोपांमध्ये भांडण घुसतं. म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपला माळ म्हणजे कुणीतरी तोडून टाकलेलं जंगल नाही. तो आधीपासून माळच आहे. तिथे दाट झाडी लावणं म्हणजे चांगली नांदती वाडी पाडून तिथे शोभेची इमारत बांधणं.

आपण सगळ्यांनी शाळेत भूगोलात "नैसर्गिक प्रदेश" पाठ केलेत. टुंड्रा, तैगा, उष्ण वाळवंट, विषुववृत्तीय जंगल, स्टेप्स, प्रेअरी आणि सॅव्हाना, म्हणजे आपल्या पुस्तकातला "सुदान प्रदेश". उंच गवत, मधूनमधून छत्रीसारखी काटेरी झाडं, जिराफ, झेब्रा, सिंह. पाच मार्कांना हमखास. आमच्या वर्गाच्या खिडकीतून समोर उंच गवत, मधूनमधून छत्रीसारखी काटेरी हिवरं आणि बाभळी दिसायच्या. तोच तो नैसर्गिक प्रदेश. पण कुठल्याच गुरुजींनी खिडकीकडे बोट दाखवून सांगितलं नाही की पोरांनो, हाच सॅव्हाना. गुरुजींचा दोष नाही, त्यांनाही कुणी सांगितलं नव्हतं. आपल्याला वाटलं सॅव्हाना आफ्रिकेत असतो आणि आपल्याकडे असतो तो "माळ", म्हणजे काहीच नसलेली जागा.

जंगल कुठे वाढणार आणि गवत कुठे, हे ग्रामसभा ठरवत नाही. पाऊस, ऊन, मातीची खोली आणि चरणारी जनावरं हे मिळून ठरवतात. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून शंभर-सव्वाशे किलोमीटर पूर्वेला या, इंदापूर-बारामती-दौंड पट्ट्यात सरासरी पाचशेच्या आसपास, तोही तीन-चार महिन्यांत, आणि मध्येच महिनाभर गायब. सह्याद्री ढगांतलं पाणी पश्चिमेलाच उतरवून घेतो, आपल्या वाट्याला उरलंसुरलं येतं. त्यात खाली वीतभर माती आणि मग मुरूम, मग काळा पाषाण. अशा जागी दाट जंगल नैसर्गिकरीत्या येत नाही. येतं ते गवत, आणि त्यात अंतराअंतरावर हिवर, बाभूळ, बोर, हिंगणबेट. काटे उगाच नाहीत, शेळ्या-हरणांपासून वाचायची सोय आहे ती.

गवत म्हणजे झाडाचा गरीब भाऊ, असं आपण समजतो. बघा जरा. झाडाचा शेंडा खुडला की वाढ खुंटते. गवताची वाढ जमिनीलगतच्या भागातून होते, म्हणून मेंढरानं वरचं पातं खाल्लं तरी खालून परत येतं. आपल्या माळावरचं पवन्या, कुसळी, मारवेल, डोंगरी हे गवत कडक उन्हात कमी पाण्यावर अन्न तयार करतं. ही पद्धत आंबा-वडाला येत नाही. ज्वारी, बाजरी, मका आणि ऊस यांची मात्र तीच आहे. आणि ही गवतं सावलीत टिकत नाहीत. वर झाडांचं छप्पर आलं की खालचं गवत दोन-चार वर्षांत आटोपतं.

ज्वारीवरून आठवलं. ज्वारीचं मूळ घर कुठलं माहितीये? आफ्रिकेतला सुदानचा सॅव्हाना. बाजरीही तिकडचीच, पश्चिम आफ्रिकेच्या कोरड्या गवताळ पट्ट्यातली. ही धान्यं हजारो वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून आली आणि आपल्याकडे अशी रुजली की आपण त्यांना आपलीच म्हणतो. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे. परक्या मुलखातलं धान्य इथे एवढं का मानवलं? कारण त्याला इथे आपलंच घर सापडलं. तेच ऊन, तोच बेभरवशाचा पाऊस, तसाच माळ. रोज ताटात सॅव्हानाची भाकरी घेऊन बसणारी माणसं आपण, आणि सॅव्हानाला उजाड म्हणतो!

कुणी म्हणेल, पूर्वी इथेही घनदाट अरण्य होतं, इंग्रजांनी तोडलं. ग्रुपवर एकाने लिहिलंच आहे. इंग्रजांनी आणि नंतर आपणही खूप जंगल तोडलं, खरं आहे, पण ते घाटात आणि कोकणात. माळाचं वेगळं आहे. २०२५ मध्ये काही संशोधकांनी एक छान काम प्रसिद्ध केलं. पश्चिम महाराष्ट्रातली जुनी मराठी चरित्रं, कथा, ओव्या, दंतकथा वाचून त्यात कुठल्या रानवनस्पतींचे उल्लेख येतात ते गोळा केले, अगदी तेराव्या शतकापासूनचे. ४४ वनस्पती निघाल्या आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त उघड्या, भरपूर उन्हाच्या माळावरच्या. म्हणजे इंग्रज यायच्या पाचशे वर्षं आधीही इथे हिवर-बाभळीचा माळच होता. आपल्या पूर्वजांनी तसं लिहून ठेवलंय, आपण वाचलं नाही.

इंग्रजांनी माळाचं नुकसान केलं ते मुख्यतः एका शब्दानं. ज्या जमिनीचा सारा येत नाही आणि जिथे इमारती लाकूड मिळत नाही, ती पडीक. हा हिशेब तिजोरीचा होता, निसर्गाचा नव्हता. इंग्रज गेले, शब्द सरकारी कागदावर राहिला. आजही देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशात झुडपी-गवताळ जमीन पडीक म्हणून रंगवलेली असते. आणि गंमत पुढे आहे. वनांच्या मोजणीत एक हेक्टर जागेवर झाडांचं छत्र दहा टक्क्यांच्या वर असलं की ते "वनाच्छादन". मग ते देवराईचं असो, आमराईचं असो की रांगेत लावलेल्या गिरिपुष्पाचं. उपग्रहाला वरून हिरवं दिसलं की झालं. माळावरच्या शेकडो जातींच्या गवतांना त्या कोष्टकात मान नाही, पण एकाच जातीच्या विदेशी झाडाला आहे. माळ मोडून लागवड केली की कागदावर जंगल वाढतं! देशाचं धोरण एक तृतीयांश जमिनीवर झाडं असावीत असं सांगतं, घाटात रस्ते-धरणं-खाणींसाठी खरं जंगल जातं, आणि त्याची भरपाई म्हणून झाडं कुठे लावायची? जिथे "काहीच नाही" तिथे. म्हणजे आपल्या माळावर.

आठवत असेल, २०१६ ला दोन कोटी झाडांनी सुरुवात झाली, मग चार कोटी, मग तेरा, आणि २०१९ ला थेट ३३ कोटी. हेतूवर मी शंका घेत नाही. पण एवढी झाडं लावायला जागा लागते, आणि शहरात जागा नाही, शेतकरी बांधावर लावू देत नाही, मग पुन्हा गायरान आणि वनविभागाचा माळ. त्यातली आपल्या शिवारातली किती जगली, हे ज्याचं त्यानं जाऊन बघावं. मी मोजायला गेलो तेव्हा खड्डे सापडले, झाडं शोधावी लागली. आणि खड्डा वाईट गोष्ट आहे हे लक्षात घ्या. जुन्या गवताचा थर एकदा जेसीबीनं उलटला की ते गवत एक-दोन पावसाळ्यात परत येत नाही, दशकं लागतात. तोवर तिथे गाजरगवत आणि तरोटा येतो.

आपल्या माळावर जी झाडं येणार आहेत त्यांची यादी मी मागवून घेतली. निम्म्याहून जास्त गिरिपुष्प. मूळचं मध्य अमेरिकेतलं. आपल्याकडे याला उंदीरमारी पण म्हणतात, नावातच सगळं आलं. जनावरं सहसा तोंड लावत नाहीत, म्हणूनच तर ते लावतात, राखण करावी लागत नाही! गायरानावर गायी खाणार नाहीत असं झाड लावायचं, याहून मोठा विनोद मला तरी माहीत नाही.

आता तिथे राहतं कोण ते बघू. माळावरचे जीव लपून राहणारे आहेत, त्यामुळे आपल्याला वाटतं तिथे कुणीच नाही. धाविक पक्षी घरटं बांधतच नाही, उघड्या मुरमावर अंडी घालतो आणि अंडी खड्यांसारखी दिसतात. चंडोल गवताच्या बुडाशी घरटं करतो. खोकड दिवसभर बिळात. उन्हाळ्याच्या शेवटी एखाद्या दगडावर चढून गळ्याची निळी-काळी-नारिंगी पिशवी फुलवणारा सरडा पाहिलाय का? २०१६ साली शास्त्रज्ञांनी या सरड्यांचा वेगळा गट ठरवला आणि त्याला शास्त्रीय नावच दिलं, "सरडा"! आपला मराठी शब्द. जगाच्या शास्त्रात आपल्या माळाचं नाव लागलंय, आपल्या ठरावात त्याला "उजाड" म्हटलंय.

हिवाळ्यात माळावरून गवताला घासून जाणारा तो राखाडी शिकारी पक्षी आहे ना, भोवत्या, तो मध्य आशियातून येतो. पुस्तकात ज्याला स्टेप्स म्हणतात त्या कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशातून. एका गवतातून उठतो तो थेट दुसऱ्या गवतात येऊन रात्री जमिनीवरच झोपतो. हजारो किलोमीटर उडून आल्यावर त्याला इथे गिरिपुष्पाची रांग दिसली तर तो तिथे काय करणार?

लांडग्याचं तर बोलायलाच नको. भारतीय लांडगा ही जगातल्या लांडग्यांमधली फार जुनी शाखा आहे असं जनुकीय अभ्यास सांगतात, आणि देशात तो तीन हजारांच्या आसपास उरला असावा असा अंदाज आहे. वाघांएवढाच म्हणा. पण वाघाला राखीव जंगल मिळालं, लांडग्याला मिळालं "पडीक". पुणे वनविभागाने २०२४ ला कडबनवाडी आणि शिर्सुफळला गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली. लोक पैसे भरून लांडगा, चिंकारा, तरस बघायला येतात. चांगलंच आहे. पण मग एका बाजूला तिकीट लावून दाखवायचा आणि दुसऱ्या बाजूला तसाच माळ उजाड म्हणून खणायचा, हे कसं जमतं?

माळढोकाची गोष्ट आपल्याला तरी सांगायला नको. १९७९ साली सोलापूर-नगर भागात त्याच्यासाठी अभयारण्य झालं, कागदावर आठ हजार चौरस किलोमीटरच्या वर, नंतर कमी करत साधारण बाराशेवर आणलं. एवढ्या मोठ्या रेषेत शेती, घरं, गावंच्या गावं आली, लोक चिडले, आणि पक्ष्याबद्दल आपुलकी वाटायच्या ऐवजी राग बसला. ती सरकारी चूकच होती. पण पक्षी गेला तो गवत गेलं म्हणून. मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. त्याला लांबवर दिसणारं मोकळं रान लागतं. शेतं आली, झाडांच्या रांगा आल्या, कावळ्या-ससाण्यांना बसायला जागा झाली, वरून विजेच्या तारा. या जड पक्ष्याला समोरचं नीट दिसत नाही, तारांना धडकून मरतो. आज सगळ्या देशात दीडशेसुद्धा नाहीत, बहुतेक राजस्थानात. आपल्याकडे दिसला तर पेपरात बातमी येते. हा पक्षी राष्ट्रीय पक्षी व्हावा असं सालिम अलींना वाटत होतं.

बरं, पक्षी-प्राणी राहू द्या. "माणसाचं बघा आधी," असं मला ग्रुपवर ऐकवलंय. तर माणसाचंच बघू. या माळावर ज्यांचं पोट आहे ते ग्रुपवर नाहीत. दिवाळीनंतर आपल्याकडचे बरेच धनगर वाडे मेंढरं घेऊन घाट उतरतात, कोकणात शेतात मेंढरं बसवतात, खताच्या बदल्यात धान्य-पैसे घेतात, आणि पाऊस लागायच्या बेताला परत माळावर येतात. कारण कोकणातल्या चिखलात मेंढराचे खूर सडतात आणि आपल्या माळावर तेव्हा नुकतं कोवळं गवत आलेलं असतं. दोन नैसर्गिक प्रदेश, दोन ऋतू, आणि मध्ये चालणारी माणसं. भूगोलाचा धडा पायांनी शिकलेत ते. पावसाळ्याचे चार महिने हा माळ त्यांचा आधार आहे, आणि आपण नेमकं पावसाळ्यातच कुंपण घालून लागवड करणार. परवा एका म्हाताऱ्या मेंढक्याला विचारलं, झाडं येणारेत, सावली होईल. ते म्हणाले, "मेंढरू काय सावली खातंय व्हय?"

आता तुमचे दोन मुद्दे, जे मला पटतात.

एक, ऊन वाढलंय, सावली पाहिजे. पाहिजेच. मग लावा ना! एसटी स्टँडवर एक झाड नाही. बाजारतळावर बायका डोक्यावर पदर घेऊन दिवसभर भाजी विकतात. शाळेचं मैदान तापलेलं. हायवे रुंद केला तेव्हा दोन्ही बाजूंचे वड आणि चिंचा गेल्या, तिथे परत कुणी लावल्या? ओढ्याच्या काठाला करंज-जांभूळ लावा, बांधावर लावा, विहिरीवर लावा. तिथे रोज पाणी घालावं लागेल, पोरं फांद्या मोडतील, दुकानदार भांडेल. अवघड आहे. माळावर लावलं की फोटो काढून परत येता येतं, ही खरी सोय आहे.

दोन, माळ आज चांगल्या अवस्थेत नाही. हेही खरं. काही भाग चरून चरून खरवडलाय, कडेनं अतिक्रमण आहे, मुरूम चोरीला जातोय, हॉटेलांचा कचरा पडतोय. पण आजारी माळावरचं औषध म्हणजे माळ बरा करणं. हिवरे बाजारने काय केलं? मोकाट चराई आणि कुऱ्हाड बंद केली, गवत वाढू दिलं आणि लोकांना कापून न्यायची परवानगी दिली. चारा झाला, त्यावर दूध झालं. आपण सगळा माळ बंद करायची गरजही नाही. तीन तुकडे करा, दरवर्षी एक तुकडा पावसाळ्यात राखा, कुठला ते मेंढपाळांना विचारून ठरवा. जिथे फारच उघडं पडलंय तिथे पवन्या-मारवेलचं बी टाका. जेसीबीच्या पैशात गावाला पाच वर्षांचा राखणदार मिळेल.

कार्बनचा मुद्दा कंपनीच्या माहितीपत्रकात आहे म्हणून तोही घेतो. गवताचा कार्बन मुळांमध्ये आणि मातीत साठतो, वर दिसत नाही. उन्हाळ्यात माळ पेटला तरी तो बहुतांशी जमिनीतच राहतो. लागवड पेटली की खोडातला सगळा धुरात. मातीतलं खणून काढायचं आणि खोडात भरू म्हणायचं, हा व्यवहार मला कळलेला नाही.

आणि हे झाडांपुरतं थांबणार नाही, हे लिहून ठेवा. एकदा ठरावात "पडीक गायरान" असा शब्द गेला की उद्या त्याच शब्दावर सोलरवाला येईल, परवा गोदामवाला. सौर कृषी वाहिनीसाठी कितीतरी गावांची गायरानं गेलीच आहेत. सोलरला माझा विरोध नाही, दिवसा वीज मलाही पाहिजे. पण पंचायतीच्या, सोसायटीच्या, शाळेच्या छपरांवर आधी बसवा, मग गायरानाकडे बघा.

ग्रामसभेत मी तीन गोष्टी मांडणार आहे. ठरावातले "पडीक" आणि "उजाड" हे शब्द काढून "चराऊ कुरण" लिहावं. खड्डे जिथवर झालेत तिथेच थांबवावेत आणि निधी गावठाण, रस्ता, ओढा इथल्या झाडांसाठी व माळ राखण्यासाठी वळवावा. कंपनी ऐकली नाही तर निधी परत. आणि आपल्या जैवविविधता नोंदवहीत माळावरच्या गवतांची, पक्ष्यांची, लांडग्याच्या घळीची नोंद करावी. ही नोंदवही करणं पंचायतीचं कामच आहे, आपल्याकडे ती कपाटात कोरी पडली आहे असं ऐकतो.

सरपंचताईंना मी हे सगळं भेटून सांगितलंय. त्यांनी ऐकून घेतलं, चहा दिला, "लोकांचं मत बघू" म्हणाल्या. म्हणजे संख्या लागेल. ठरावाचा मसुदा माझ्याकडे आहे, कुणाला हवा असेल तर मेसेज करा. सभा सकाळी झेंडावंदनानंतर लगेच आहे. त्या वेळी मेंढरं सोडायची असतात, त्यामुळे वाड्यावरची माणसं येऊ शकत नाहीत. सभा दुपारी घ्यावी असा अर्ज उद्या देतोय, सह्यांना सात-आठ जण तरी पाहिजेत. आणि तीन वाड्यांवर जाऊन तारीख सांगायची आहे. माझी गाडी आहे, बरोबर कोण येतंय ते खाली लिहा.